कामगार ब

रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी काकांनी सातवं पान वाचलं. त्याआधी अर्धा तास त्या खोलीत हसणं-खिदळणं चालू होतं.

खोली काकांची, जिन्याच्या उजव्या हाताची. डाव्या हाताला धाकट्या भावाचं बिऱ्हाड, खाली काचेचं दुकान आणि मागे कापणीची शेड. मधल्या मोठ्या टेबलावर जाड काच होती. तिच्या कडा धाकट्या भावाने वीस वर्षांपूर्वी घासून इतक्या मऊ केल्या होत्या की घरातल्या दोन्ही पोरांनी त्यांवर डोकी आपटली, पण कधी खोक पडली नाही. आज ती दोन्ही पोरं त्याच टेबलाशी समोरासमोर बसली होती. एकीकडे काकांचा मुलगा. नामांकित कॉलेजातून शिकून तो गुंतवणुकीच्या कंपनीत लागला, तेव्हापासून घरात त्याला साहेब म्हणत. काकू कौतुकाने आणि बारकी टोमण्याने. दुसरीकडे बारकी, धाकट्या भावाची मुलगी. तिची मुलाखत गुरुवारी साडेदहाला होती. एका वित्त कंपनीत दोन महिन्यांची इंटर्नशिप, जागा चार. आज साहेब मुलाखत घेणारा झाला होता आणि बाकीचं घर प्रेक्षक.

"घसारा दहाने वाढला," साहेब म्हणाला. "तिन्ही पत्रकांत काय होईल?"

बारकीला हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आलं असतं. "करापूर्वीचा नफा दहाने कमी. कर तीस टक्के धरला तर निव्वळ नफा सातने कमी. पण घसाऱ्यात रोख पैसा जात नाही, म्हणून रोख प्रवाहात दहा परत मिळवायचे, रोकड तीनने वाढते. ताळेबंदात रोकड तीन वर, यंत्रं दहा खाली, म्हणजे सात खाली. पलीकडे राखीव नफा सात खाली. जुळलं."

"घसारा म्हणजे काय गं?" काकूंनी विचारलं.

"वस्तू वापरून झिजते ना काकू, म्हणून तिची किंमत दरवर्षी थोडी थोडी कमी धरायची."

"मग या घरात माझा कधी धरला नाही कुणी."

"तुझी मूळ किंमतच कुणाला परवडली नाही," काका म्हणाले. आई तोंडाला पदर लावून हसली.

"पुढचा प्रश्न," साहेबाने आवाज जाड केला. "तुमचं कॉलेज कोणतं?"

बारकीने नाव सांगितलं.

"ऐकू आलं नाही."

तिने पुन्हा सांगितलं. साहेबाची भुवई जरा वर गेली. गुरुवारी टेबलापलीकडची भुवईही तेवढीच वर जाणार, हे तिला कळलं. तिचं कॉलेज टायरच्या गोदामावर होतं. गोदामाशेजारी मोटार चालवायला शिकवणारी शाळा होती आणि पत्ता विचारला की लोक त्या शाळेचाच सांगत. अर्ज भरताना कॉलेजांची यादी उघडली तेव्हा तीत तिचं कॉलेज नव्हतं. सगळ्यात खाली 'इतर' असं होतं. ती त्यावर बोट ठेवून बराच वेळ बसली होती.

साहेबानेच तिला तेव्हा सांगितलं होतं, "तुझ्या कॉलेजच्या नावावर कुणी तुझा अर्ज दुसऱ्यांदा बघणार नाही. अर्जासोबत असं काहीतरी पाठव जे दुसऱ्या कुणाकडेच नसेल. बड्या कंपन्यांचे अहवाल सगळेच पाठवतात. तू आतून ओळखतेस असा एखादा धंदा घे आणि त्याचं मूल्य काढ."

आतून ओळखत होती असा धंदा एकच होता.

आठ पानांचं टिपण झालं. शीर्षक: 'एका लहान काचकाम व्यवसायाचं मूल्यांकन'. कुणाचा व्यवसाय, ते कुठेही लिहिलं नव्हतं. शुक्रवारी उत्तर आलं: टिपण आवडलं, मुलाखतीत त्यावर, विशेषतः सातव्या पानावर, बोलू.

बाबा जिना चढून वर आले ते आज, ही खोटी मुलाखत चालू असतानाच. हातात पाच प्रती, पारदर्शक वेष्टनाच्या, स्प्रिंग लावलेल्या.

"तुझ्या फाइलवरून काल संध्याकाळीच काढून आणल्या," ते म्हणाले. "मुलाखत घ्यायची तर सगळ्यांच्या हातात कागद पाहिजे." पहिल्या पानाकडे बोट दाखवून ते पुढे म्हणाले, "कॉलेजचं नाव अगदी तळाशी, मुंगीएवढं केलं होतंस. लपवल्यासारखं कशाला? त्या झेरॉक्सवाल्या मुलाला सांगून मोठं करून घेतलं."

कॉलेजचं नाव आता पानाच्या मधोमध होतं, शीर्षकापेक्षा दुप्पट मोठं. बारकीचे कान तापले. त्या क्षणी तिला वाटलं, आजच्या दिवसाची लाज एवढीच.

बाबांनी प्रती वाटल्या. एक काकांना, एक काकू आणि आईत मिळून, एक साहेबाला, एक तिला. पाचवी स्वतःकडे ठेवून ते दाराजवळच्या खुर्चीत बसले, कडेच्या, नेहमीच्या.

काकांना कुठलाही कागद शेवटून वाचायची सवय होती. फसवणूक नेहमी मागच्या पानांवर असते, असं ते म्हणत. आठव्या पानावर आकड्यांचा तक्ता होता, तो त्यांनी उलटला. मग सातवं.

पाठीमागच्या शेडमध्ये तीन माणसं काच कापत: काका, बाबा आणि मिस्त्री. टिपणात ते अ, ब आणि क होते. सातव्या पानावर लिहिलं होतं की सहा आठवड्यांच्या मोजणीत अ आणि क यांच्याकडून शंभर कापांमागे तीन काचा फुटल्या आणि ब यांच्याकडून अकरा. एकूण फुटीचा दोन तृतीयांश भाग एकट्या ब यांच्या टेबलावर होतो. आणि खाली, जाड अक्षरात, तिचं वाक्य: 'कामगार ब यांना कापणीवरून हटवल्यास व्यवसायाचं मूल्य सुमारे नऊ टक्क्यांनी वाढतं.'

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हा ब कोण?"

"ते... नमुन्यादाखल आहे, काका."

"नमुन्यादाखल म्हणजे खोटं?"

खोटं आहे असं बारकी म्हणाली असती तर टिपण खोटं. गुरुवारी काय सांगणार?

"तू मोजलंस कसं?" काकांचा आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. "सांग. फूट कुणाची ते कसं कळलं तुला?"

"रंगांवरून."

काकूंचा हात कपावरच थांबला.

या घरात काच कापण्याआधी प्रत्येक जण तिच्या कोपऱ्यात आपल्या रंगाची खूण करी. काकांची मेणाची पेन्सिल निळी, मिस्त्रींची पांढरी, बाबांची लाल. ही पद्धत आजोबांनी लावली होती. त्यांनी एका फुटलेल्या आरशावरून सख्ख्या भावाला गिऱ्हाइकांसमोर बोल लावले होते. भाऊ हात धुऊन निघून गेला तो पुन्हा या जिन्यावर दिसला नाही. आरसा भावाने फोडलाच नव्हता, हे आजोबांना वर्षभराने कळलं. त्यानंतर रंग आले आणि रंगांबरोबर नियम आला: ज्याचा रंग त्याने बघावा, दुसऱ्याने विचारू नये. फुटक्या काचांच्या पिंपात तिसऱ्याने वाकून पाहिलं असं त्या घरात चाळीस वर्षांत घडलं नव्हतं.

बारकी सहा आठवडे रोज संध्याकाळी हातमोजे घालून त्या पिंपात वाकली होती. कॉलेजचं काम आहे, असं सांगितलं होतं. कुणी पुढे विचारलं नव्हतं.

"लाल म्हणजे ब," काका म्हणाले. ते तिच्याकडे नाही, दाराकडे बघत होते. "शंभरात अकरा? कधीपासून रे?"

बाबांचा उजवा हात डाव्या हाताखाली होता. ते नेहमी असेच बसत. बारकीने त्याचा कधी विचार केला नव्हता.

"मी विचारतोय."

"नियम आहे ना," आई म्हणाली, "विचारायचं नाही असा? मग पाळा तो."

काका म्हणाले, "नियम तुमच्या लेकीने मोडला. मी नाही."

आई बारकीकडे वळली. "तुला हे लिहिताना काही वाटलं नाही? हटवल्यास म्हणे. हटवायला माणूस काय टेबलाचा पाय आहे?"

"आई, त्यात नाव नाहीये..."

"नाव नाही म्हणून तर! नाव लिहिलं असतंस तर हात तरी थांबला असता तुझा."

तो थांबला नव्हता. सगळ्यात वाईट हेच होतं आणि ते या खोलीत एकट्या बारकीलाच माहीत होतं. तिसऱ्या आठवड्यात लाल काचांचा ढीग निळ्या-पांढऱ्यांपेक्षा वेगळा दिसू लागला, तेव्हा ती जिने चढून वर आली आणि आकडे शीटमध्ये घातले. रेघ सरळ वर गेली. तिला आनंद झाला होता. खराखुरा, छातीत मावेना असा. तिच्याकडे दुसऱ्या कुणाकडेच नसलेली गोष्ट होती. लाल म्हणजे बाबा, हे तिला तेव्हाही ठाऊक होतं. त्या रात्री जेवताना बाबांनी पेला दोन्ही हातांनी उचलला होता. ते तिला दिसलं होतं. तरी सकाळी उठून तिने लाल खोडून ब लिहिलं.

"भाऊजींना बोलू नका हं तुम्ही," काकू नवऱ्याला म्हणाल्या. "जाड काच सगळी त्यांच्याच गळ्यात कोण मारतं? स्वतः पातळ आरसे कापायचे आणि बारा मिलिमीटरची काचेची पानं धाकट्याला."

"त्याचा हात चांगला म्हणून देत होतो!"

"होता," बाबा म्हणाले.

एवढा एकच शब्द. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"हिवाळ्यापासून," बाबा म्हणाले. "रेघ मारताना शेवटच्या वितीत कलमेच्या टोकाची हिरकणी उड्या मारते. रेघ तुटली की काच हवी तशी फुटते. दुपारनंतर जास्त."

"आणि मला सांगितलं नाहीस? सख्खा भाऊ मी."

"तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

काका उठून खिडकीशी गेले. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा आवाज येत राहिला. काकांनी पाठ न वळवता विचारलं, "हे कागद त्या कंपनीकडे गेलेत?"

"हो," बारकी म्हणाली.

"परत मागव."

"परत मागवता येत नाहीत," साहेब वडिलांना म्हणाला. इतका वेळ तो पान पुढे-मागे करत होता. "आणि मागवू पण नयेत. मला माफ करा सगळ्यांनी, पण तिला बोलावलंय ते याच पानामुळे. बाकीची सात पानं कुठल्याही पुस्तकात मिळतील. हे पान काढलं तर तिच्याकडे उरतं काय? पहिल्या पानावरचं कॉलेजचं नाव."

"तू गप्प बस," काका म्हणाले. "तूच ही अक्कल दिली असणार तिला."

"दिली. पण पिंपात हात घाल म्हणून नाही सांगितलं."

बारकीने मान खाली घातली. साहेब तिच्या बाजूने बोलतोय की विरुद्ध, हे तिला नीटसं कळलं नाही. बहुधा त्यालाही कळलं नसावं.

"मी जात नाही," ती म्हणाली. "गुरुवारी. कळवते त्यांना. नाही जात मी."

"पानात चूक आहे," बाबा म्हणाले.

ते उठून टेबलाशी आले आणि स्वतःची प्रत काचेवर ठेवली. सातवं पान उघडलेलंच होतं. अकरा हा आकडा लाल मेणाच्या पेन्सिलीने खोडलेला होता. शेजारी चौदा लिहिलं होतं. अक्षर हललेलं, चारचं शेपूट खाली ओघळलेलं.

"अकरा नाही. चौदा."

"बाबा..."

"तू पिंपातलं मोजलंस. पिंपात सगळं जात नव्हतं. तुझी आई..." ते थांबले.

"मी न्यायचे," आई म्हणाली. ती कुणाकडेच बघत नव्हती. "दुपारी तुम्ही वर आलात की गोणपाटात बांधून बाहेर टाकून यायचे. आठवड्यात दोनदा. लाल असेल तेवढंच." मग एकदम बारकीकडे बघून म्हणाली, "तुला काय वाटलं, तुझ्या आधी कुणी वाकलंच नव्हतं त्या पिंपात?"

काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. आईने तो झटकला नाही, पण तिची पाठ ताठच राहिली.

बारकीचं लक्ष त्या लाल चौदावर खिळलं होतं. पेन्सिल शेडमध्ये असते. प्रती काल संध्याकाळी आल्या.

"तुम्ही कालच वाचलंत," ती म्हणाली.

"कागद तिथे निघत होते, मी उभा होतो. वाचलं."

"मग वाटल्यात कशाला सगळ्यांना?" तिचा आवाज फाटला. "एकटीला सांगायचं होतं मला. चार शिव्या घालायच्या होत्या."

बाबांनी थोडा विचार केला. कुठली काच कुठून कापावी याचा करत तसा.

"गुरुवारी ते तुला याच पानावर विचारणार. घरातल्या माणसांसमोर ते पान वाचता येत नसेल, तर परक्यांसमोर वाचू नये. आणि वाचायचंच असेल तर आकडा बरोबर पाहिजे. ते म्हणतील, फुटलेली सगळी काच पिंपातच जाते कशावरून? काय सांगशील?"

हा प्रश्न साहेबाला सुचला नव्हता. त्याने आपल्या प्रतीवर काहीतरी लिहून घेतलं.

"आणि नऊ टक्के पण बदलेल," बाबा म्हणाले. "बदलेल ना?"

"हो."

"वर जाईल की खाली?"

बारकीला उत्तर माहीत होतं. ब जितका जास्त फोडतो, तितका त्याला हटवण्यात फायदा जास्त. घसाऱ्याचं उत्तर तिने एका दमात दिलं होतं. हे तिच्या तोंडातून बाहेर येईना.

"वर," तिच्याऐवजी साहेब हळूच म्हणाला.

"मग वर लिही," बाबा म्हणाले आणि जिन्याकडे वळले. जाताना काकांपाशी थांबले. "बुधवारी त्या शोरूमची सहा पानं द्यायचीत. बारा मिलिमीटर. मी सकाळच्या वेळात करतो. सकाळी बरा असतो हात."

"तू टेबलाला हात लावणार नाहीस," काका म्हणाले. "मोजमापं घे, गिऱ्हाईक बघ. कापणी मी आणि मिस्त्री."

"बरं."

"बरं काय? भांड तरी!"

"कशावर भांडू? छापलंय ते."

ते खाली गेले. काका अजून खिडकीशीच होते. मग कुणालाही उद्देशून नाही असं म्हणाले, "आपल्या बापाने एका आरशापायी भाऊ घालवला." काकूंनी कप गोळा केले. आई घरी गेली आणि दार लोटून घेतलं. कडी लावली नाही.

साहेबाने बारकीला जिन्यात गाठलं. त्याच्या बोलण्यातला मुलाखतीचा जाडेपणा गेला होता.

"ऐक. माझ्या मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं, वडील काय करतात. मी म्हणालो, व्यवसाय आहे, बांधकाम साहित्याचा."

"काच म्हणाला नाहीस?"

"नाही." तो कठड्यावरचा रंग नखाने खरवडत होता. "माझ्या कॉलेजचं नाव मोठं होतं ना, म्हणून पुढे कुणी विचारलंच नाही. तुला विचारतील."

दुपारभर ती शीटसमोर बसली. अकराचे चौदा केले. तक्ते आपोआप बदलत गेले आणि शेवटच्या रकान्यात नऊच्या जागी बारा आले. 'हटवल्यास' हा शब्द तिने तीन वेळा बदलून पाहिला. 'दुसरं काम दिल्यास.' 'विश्रांती दिल्यास.' प्रत्येक वेळी वाक्य खोटं वाटलं, कारण पहिलं ती कंपनी वाचून बसली होती. शेवटी तिने शब्द तसाच ठेवला आणि खाली एक ओळ वाढवली: 'ब हे या व्यवसायाच्या मालकांपैकी एक आहेत आणि माझे वडील आहेत.' संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी दुरुस्त पान पाठवलं. सोबत दोन वाक्यं: सातव्या पानावरचा आकडा अकरा नसून चौदा आहे. ही चूक कामगार ब यांनी स्वतः दाखवून दिली.

पहिल्या पानावरचं कॉलेजचं नाव तिने मोठंच ठेवलं.

जेवताना बाबांनी विचारलं, "पाठवलंस?" ती हो म्हणाली. आईने तिच्याकडे न बघता ताटात वाढलं. मग बाबांना म्हणाली, "गुरुवारी अकराला डॉक्टरांची वेळ घेतलीय. थोरले भाऊजी येतायत सोबत." गुरुवारी अकरा वाजता बारकी टेबलापलीकडे कुणासमोर तरी बसलेली असणार होती. ते तिघांनाही ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी कंपनीचं उत्तर आलं. दुरुस्ती मिळाली, आभार. गुरुवारची वेळ तीच. खाली एक प्रश्न होता: 'तुमचे वडील सध्या कापणीवर आहेत का?'

उत्तर बघावं म्हणून ती शेडमध्ये उतरली.

बारा मिलिमीटरचं पहिलं पान टेबलावर आडवं होतं. मिस्त्री आले नव्हते. त्यांच्या घरी कुणी आजारी असल्याचा निरोप आला होता. काकांनी एका टोकाला काच दोन्ही तळव्यांनी दाबून धरली होती. बाबा दुसऱ्या टोकाला होते आणि हिरकणीची कलम त्यांच्या हातात होती. पट्टी लागली होती. काचेच्या कोपऱ्यात खूण अजून कुठलीच नव्हती. निळी आणि लाल, दोन्ही पेन्सिली दोघांच्या मध्ये पडल्या होत्या.

"दार लाव," काका तिच्याकडे न बघता म्हणाले. "वारा येतो."

बारकीने दार लावलं, बाहेरून.

सोमवारी दुपारी एक वाजेपर्यंत तिने कंपनीला उत्तर पाठवलेलं नव्हतं.